भिंगरीची पत्रिका

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. त्यांतले एक आता राहिले नाहीत. दुसरा आहे, लासूर स्टेशनला असतो, धडधाकट आहे, फोन केला तर पहिल्या रिंगला उचलेल — पण त्याच्याशी बोलायला लागलो की मी पाऊसपाण्याचं बोलतो, कापसाच्या भावाचं बोलतो आणि फोन ठेवतो. म्हणून तुमच्यापाशी आलोय. तुमची-माझी ओळख नाही, हे एक बरं आहे.

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बजाजनगरात माझं वर्कशॉप आहे. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ असं झोकात लिहिलंय, पण लोक मला वायरमनच म्हणतात. पुढं पत्र्याची शेड, मागं दोन खोल्यांत घर. ट्रॅक्टर, टेम्पो, क्रेन — ज्याला बॅटरी आहे ते माझं गिऱ्हाईक. आणि माझ्या कामातली निम्मी कटकट असते ती पॅनलवरच्या दिव्यांची. ऑइलचा दिवा, बॅटरीचा दिवा, इंजिन तापल्याचा दिवा. दिवा लागला की लोक दिव्यालाच शिव्या घालतात. त्याचा काय दोष हो? तो बिचारा निरोप्या. निरोप खरा आहे की खोटा, हे शोधणं माझं काम. आणि ते मी इमानेइतबारे करत आलो — एक वर्ष सोडून.

त्या वर्षाचं सांगतोय.

उन्हाळ्याचे दिवस होते. सर्जेराव पहिल्यांदा आला तो एक जुना स्किड लोडर चालवत. तुम्ही पाहिलं असेल हे मशीन — बुटकं, चार चाकांचं, पुढं मातीची बकेट, माणूस पिंजऱ्यात बसल्यासारखा आत बसतो. स्टेअरिंग नसतं, दोन दांडे असतात. एक दांडा पुढं, एक मागं केला की मशीन जागच्या जागी गर्रकन फिरतं. सर्जेरावनं त्याचं नाव ठेवलं होतं भिंगरी. कुठल्याशा बांधकामवाल्यानं विकलेलं, वरून नवा पिवळा रंग फासलेला, किती तास चाललंय ते सांगणारा काटा बंद. जुन्या मशीनचं असंच असतं, आधीच्या घरून कोणती दुखणी घेऊन आलंय ते वापरता वापरता कळतं.

सर्जेराव गंगापूर तालुक्यातला शेतकरी. शेती थोरल्या भावाकडं सोपवून हा भिंगरीच्या मागं लागला होता. वाळूजकडं प्लॉट सपाट करणं, कंपन्यांमधला राडारोडा उचलणं, असली कामं धरायचा. उंच, आडवा, बोलणं असं की पलीकडच्या गल्लीत ऐकू जावं. माझं आडनाव ऐकलं आणि त्यानं मला पंत म्हणायला सुरुवात केली.

“पंत, हे बघा बरं. डोळा मारतंय.”

पॅनलवर इंजिन तापल्याचा लाल दिवा होता. मध्येच लागायचा, मध्येच विझायचा. आता हे शोधायची एक रीत आहे. आधी दिव्याकडं बघायचं नाही, इंजिनाकडं जायचं. मी मागचं दार उघडून रेडिएटरजवळ हात नेला, तर नुसतं कोमट. म्हणजे इंजिन तापलेलं नाही, निरोप खोटा आहे. मग इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढली. सेन्सर बिघडला असेल तर वायर काढताच दिवा विझतो. विझला नाही. म्हणजे सेन्सर ठीक, वायरच वाटेत कुठंतरी बॉडीला टेकतेय. बोटांनी चाचपत गेलो आणि सापडलं. मागच्या दाराच्या काठाला घासून घासून वायरचं कातडं निघालं होतं, आत तांबं चमकत होतं. मशीनला दणका बसला की तांबं लोखंडाला टेकणार आणि दिवा लागणार. काळी टेप गुंडाळली, वायर काठापासून बाजूला बांधली. काम संपलं. एवढुसं काम.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या मशीनमध्ये इंजिन माणसाच्या पाठीमागं असतं. चालवणाऱ्याला पुढची बकेट दिसते, माती दिसते. पाठीमागं काय चाललंय ते त्याला त्या दिव्यातूनच कळतं.

मी वायर चाचपत होतो तेवढ्या वेळात सर्जेराव बाबांशेजारी जाऊन बसला होता.

आता बाबांचं सांगावं लागेल. बाबांचं सगळं आयुष्य जुन्या शहरात, शहागंजात गेलं. पहाटे दोन-चार घरच्या पूजा सांगायच्या, मग दिवसभर एका कापडाच्या पेढीवर कारकुनी. रस्त्यानं निघाले की अत्तरवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे ‘आदाब महाराज’ नाहीतर ‘राम राम महाराज’ म्हणायचे. आई गेल्यावर मी त्यांना बजाजनगरला घेऊन आलो. इथं सगळ्या शिफ्टच्या माणसांची वस्ती, कोण कुणाला ओळखतो? बाबा शेडच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्याकडं बघायचे. दिवसभर.

माझ्याशी? माझ्याशी ते बोलत नसत. भांडण नव्हतं — हे मला तुम्हाला नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. आमच्या घरात बाप-लेकाचं बोलणं आईमार्फत चालायचं. “त्याला विचार, जेवला का.” मी समोर बसलेला असलो तरी. “सांग त्यांना, जेवलो.” आईला ते ओझं वाटलं नाही कधी; ती हसत इकडचं तिकडं करायची. ती गेली आणि मध्ये कुणी उरलंच नाही. नवीन सवय लावून घ्यायला आम्ही दोघंही जरा जास्तच मोठे झालो होतो. निदान मी असं समजत होतो.

तर मी मागचं दार लावून पुढं आलो आणि बघतो तो बाबा हसतायत. चक्क आवाज करून. सर्जेराव सांगत होता, “महाराज, आता हिची पत्रिका करा. माणसाची करता, मशीनची कामून नाय?” बाबा म्हणाले, “अरे, पण जन्मवेळ?” “जन्म कुठं परमुलखात झाला काय की. आज तुमच्या दारात चावी मारली नं, तीच येळ धरा.”

आणि बाबांनी धरली! आत जाऊन पंचांग काढलं, चष्मा पुसला, माझ्याच बिलबुकातला एक कोरा कागद घेऊन कुंडली मांडली. लोखंड म्हणजे शनी, त्यामुळं कष्टाळू. मात्र लग्नावर मंगळाची दृष्टी, सबब तापट. “उष्णतेचा विकार आहे हिला,” असं बाबा इतक्या गंभीरपणे म्हणाले की सर्जेरावनं टोपी काढून भिंगरीला नमस्कार केला. जाताना कागद चौपदरी घडी करून खिशात घातला. मी आयुष्यात बाबांना इतकं खुश फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तेच. खुर्ची, रस्ता, गप्प. बरेच दिवस असेच गेले. मग एकदा जेवताना ते माझ्या बायकोला म्हणाले, “ते मशीनवाले परत आले नाहीत?” मी शेजारीच होतो. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “दुरुस्त झालंय ते, कशाला येतील?”

आणि बोलता बोलता मीच जरा थांबलो.

पुढं आषाढात सर्जेराव आला, हॉर्नचं बटण अडकलं म्हणून. येताना फडक्यात भाकरी, ठेचा आणि कांदे घेऊन आला होता. बाबा — ज्यांनी जन्मात कधी परक्याच्या हातचं खाल्लं नव्हतं — ते शेडमध्ये, टायरवर पेपर पसरून, त्याच्याबरोबर ठेचा खात बसले. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि “आणखी थोडा वाढा” म्हणतायत. मी हॉर्नचं बटण बसवलं. मग मागं गेलो. काही कारण नव्हतं. मागचं दार उघडलं. वायर दिसली, माझी टेप दिसली — छान घट्ट, वर्षानुवर्षं टिकेल अशी.

ती मी सोडवली.

इतकी साधी गोष्ट होती. नखानं टेपचं टोक उचललं, ओढलं, सैलसर पुन्हा गुंडाळलं. वायर काठाजवळ सरकवून ठेवली. पलीकडून बाबांचं हसणं ऐकू येत होतं. मला काय वाटलं म्हणून विचाराल तर — वाईट नाही वाटलं. आईनं दिवाळीला लपवलेला लाडू काढून खावा, तसं वाटलं. याचं काय बिघडणार आहे? दिवा लागेल, हा येईल, बाबा बोलतील. खोटा दिवा कुणाला भाजत नाही.

आठवड्याभरात भिंगरी दारात. “पंत, पुन्हा डोळा मारायली.”

तिथून पुढं सगळा पावसाळा तसाच गेला. मी मागचं दार उघडायचो, बराच वेळ शोधल्यासारखं करायचो, मग टेप गुंडाळायचो — अशी की आठ-दहा दिवसांत आपोआप सुटावी. वाईट काम चांगलं करायलाही कसब लागतं. दर वेळी तो विचारायचा आणि दर वेळी मी मोठ्यानं सांगायचो, “मशीनला काही झालेलं नाही सर्जेराव, दिवाच खोटा आहे.” पैशांचं म्हणाल तर मी त्या कामाचे घेत नसे. तेवढी लाज शिल्लक होती, की तोही दिखावा होता, देव जाणे.

आणि ते दिवस — खोटं कशाला बोलू — आमच्या घरातले सगळ्यांत चांगले दिवस होते. बाबा सकाळीच दाढी करून धुतलेला सदरा घालून बसायचे. दुरून भिंगरीचा खडखडाट आला की खुर्चीतून उठायचे. सर्जेराव कधी सीताफळं आणायचा, कधी भाजलेल्या शेंगा. मग दिव्याची चर्चा. बाबा पंचांगात बघून सांगायचे, मंगळ वक्री झालाय, मुक्काम लांबणार, शांत राहा. सर्जेराव मान डोलवायचा. त्याचा विश्वास होता की तो त्या म्हाताऱ्याचं मन राखत होता? दोन्ही असावं. आणि मधूनच बाबा म्हणायचे, “सर्जेराव, पंतांना विचारा, चहा घेणार का?” पंतांना! बापानं आयुष्यात पहिल्यांदा माझी थट्टा केली होती. मी मशीनच्या मागं वाकून बसायचो, म्हणायचो, “सर्जेराव, महाराजांना सांगा, आलं टाकायला सांगा.” आईचं काम सर्जेराव करत होता. आजही आल्याच्या चहाचा वास आला की मला तो लाल दिवा आठवतो.

पण बघा, मी काय करत होतो. सुरुवातीला दिवा लागला की सर्जेराव मशीन तिथल्या तिथं बंद करायचा, उतरून मागं जायचा, हात लावून बघायचा. ती त्याची चांगली सवय होती. पाचेक वेळा खोटा निघाल्यावर तो मशीन बंद करेना, नुसतं मागं वळून बघू लागला. मग पॅनलवर टिचकी मारू लागला. आणि मग तेही सुटलं. एकदा प्लॉटवर त्याला काम करताना मी पाहिलं — दिवा लाल, आणि हा गाणं म्हणत माती ओढतोय. मला हसू आलं होतं. माझ्यासारख्या माणसाला हसू आलं! त्याला पाठीमागचं सांगणारा एकच डोळा होता, आणि तो मी त्याच्या मनातून फोडला होता.

एवढंच असतं तर कदाचित मी आतापर्यंत कुणालातरी सांगूनही टाकलं असतं. खरी गोष्ट अजून पुढं आहे. मी तिच्याभोवतीच फिरतोय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडं काम बंद, हत्यारांची पूजा. पाटावर पक्कड, टेस्टर, सोल्डरिंग गन आणि माझी काळ्या टेपची गुंडाळी. बाबांनी तिलाही हळदकुंकू वाहिलं. मी दुसरीकडं बघितलं. सर्जेराव भिंगरी धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून घेऊन आला. बकेटवर स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग बाबा म्हणाले, “चावी फिरवा, पण चालू करू नका.” चावी फिरवली की मशीन आपले सगळे दिवे एकदम लावून दाखवतं. बल्ब शाबूत आहेत ना, हे कळावं म्हणून तशी सोयच असते. लाल, पिवळा, हिरवा, सगळे लागले. बाबांनी त्या दिव्यांनाच ओवाळलं. म्हणाले, “आज हिनंच आपली आरती लावली.”

दिवाळीनंतर भिंगरी लासूर स्टेशनला जाणार होती. तिथल्या एका जिनिंगवर हंगामभर कापसाचे ढीग सारायचं काम सर्जेरावला मिळालं होतं. त्याच्यासाठी ते फार मोठं होतं. इकडंतिकडं एकेक दिवसाची कामं धरणारा माणूस एका जागी चार-पाच महिने टिकणार, नीट राहिला तर पुढच्या वर्षीही तोच. घरी भावासमोर मान वर करायची सोय होती ती. निघायच्या दिवशी तो बाबांच्या पाया पडला आणि म्हणाला, “महाराज, आता लांब चाललो. दिवा लागला तर काय करू? तिथं पंत नायत.”

बाबांनी पंचांग उघडलं. बोटांच्या पेरांवर मोजलं. म्हणाले, “मंगळ गेला पुढच्या राशीला. संपली पीडा. दिवा लागला तरी तो खोटा समजा. खुशाल काम करा.”

आणि मग ते वळले. माझ्याकडं. सर्जेरावकडं नाही, बायकोकडं नाही — सरळ माझ्याकडं बघून म्हणाले,

“बरोबर आहे ना रे?”

आई गेल्यापासून त्यांनी मला थेट विचारलेला तो पहिला प्रश्न. माझ्या कामाबद्दल तर जन्मातला पहिला. म्हणजे त्यांना वाटत होतं की त्यांचं शास्त्र आणि माझं शास्त्र एकच उत्तर देतंय. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. अभिमान होता. माझाही आणि स्वतःचाही.

मला म्हणता आलं असतं, “थांबा, जायच्या आधी एकदा वायर बघतो.” नवी टेप गुंडाळून टाकली असती, नीट. मागचं काही कबूल न करताही ते जमलं असतं. म्हणता आलं असतं, “नाही बाबा, दिवा लागला की मशीन बंदच करायचं, तो खोटा असो की खरा.” हे तर शिकाऊ पोरगंही सांगेल. पण त्या क्षणी बाबांना ‘नाही’ म्हणायचं? इतक्या वर्षांनी विचारलं आणि मी ‘नाही’ म्हणू?

मी म्हणालो, “हो. बरोबर आहे.”

टेपचं सोडा. माझा गुन्हा तो ‘हो’ आहे.

मार्गशीर्षात सर्जेरावचा फोन आला. आवाज इतका बारीक की मी ओळखलाच नाही. “पंत, बसली भिंगरी.”

मी गाडी काढून लासूरला गेलो. जिनिंगच्या आवारात, कापसाच्या ढिगापासून ओढून बाजूला आणलेली भिंगरी उभी होती. मागचं दार उघडलं. रेडिएटरच्या जाळीवर कापसाचे तंतू बसून बसून गादीसारखा जाड थर झाला होता. हवेला वाटच नाही. इंजिन उकळलं होतं, पाणी संपलं होतं, हेडला तडा गेला होता. जुन्या इंजिनाला एवढं झालं की संपलंच.

पण हे मी नंतर बघितलं. खरं सांगू? दार उघडल्याबरोबर मी आधी वायर बघितली. माझी सैल टेप अजून तिथं लोंबत होती. सर्जेराव माझ्या पाठीशी उभा होता. मी वाकल्याचं निमित्त करून ती ओढली, मुठीत धरली आणि खिशात घातली. मग म्हणालो, “अरेरे, केवढं नुकसान झालं हो.”

“दिवा लागला व्हता पंत,” तो म्हणाला. “सकाळपसून लागलेला. मी म्हणलं लागू दे, खोटंय ते.” आणि मग, माझा चेहरा बघून असेल, मलाच समजावू लागला. “तुमी कामून वाईट वाटून घेता? तुमी न् महाराजांनी लई केलं. जाळी साफ ठिवायची माझी मलाच अक्कल नव्हती.”

मी ऐकून घेतलं. मान हलवली. करून सवरून नामानिराळा म्हणतात तसा.

जिनिंगवाल्यानं दुसऱ्या दिवशी दुसरा लोडर बोलावला. त्यांचंही चूक नाही, हंगाम कुणासाठी थांबतो? भिंगरी सुट्या भागांच्या भावानं गेली. सर्जेराव काही महिने घरी बसला, मग त्याच जिनिंगवर, त्याच दुसऱ्या लोडरवर ड्रायव्हर म्हणून लागला. मशीन परक्याचं आहे, म्हणून त्याला त्यानं नाव ठेवलेलं नाही.

बाबांना मी त्याच दिवशी येऊन सांगितलं. म्हणजे इंजिन गेल्याचं सांगितलं. ते खुर्चीतच होते. रस्त्यावरची नजर त्यांनी माझ्याकडं वळवली. मग विचारलं — थेट मलाच, “दिवा लागला होता का?”

“हो.”

“म्हणजे खरा होता.”

“त्या दिवशी खरा होता,” मी म्हणालो.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि ‘हो, बरोबर आहे’पेक्षाही हे वाईट होतं. कारण तिथंच मला पुढचं वाक्य बोलता आलं असतं: त्याच्या आधीचे सगळे खोटे होते बाबा, ते मी करत होतो, तुमच्या पंचांगाचा काही दोष नाही. ते वाट बघत होते. निदान मला तसं वाटतं की वाट बघत होते. मी पक्कड पुसत राहिलो.

“माझं गणित चुकलं,” बाबा म्हणाले. “माझ्या शब्दावर गेला बिचारा.”

उठले, आत गेले, पंचांग फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलं. तोवर सर्जेरावमुळं आसपासच्या चार बायका मुहूर्त विचारायला येऊ लागल्या होत्या, वास्तुशांतीचं, बारशाचं. बाबा त्यांना म्हणायचे, “मला त्यातलं कळत नाही हो.” पन्नासेक वर्षं ज्यांचा सगळा मान त्यावर होता, ते म्हणायचे, मला कळत नाही. पुढच्या पाडव्याला मी नवं पंचांग आणून त्यांच्या उशाशी ठेवलं. ते त्यांनी उघडलंही नाही. खुर्चीत बसत, रस्त्याकडं बघत. मला पुन्हा कधी काही विचारलं नाही. पंतही म्हणाले नाहीत.

असे दोन उन्हाळे गेले आणि मग ते गेले. शेवटच्या आजारपणात मी रात्रंदिवस त्यांच्याजवळ होतो. पाय चेपले, तोंडात पाणी घातलं. सांगायला वेळ नव्हता असं म्हणायची सोय नाही.

तेराव्याला सर्जेराव आला. केस पांढरे झालेले, आवाज तोच. पानावर बसला, जेवला, आणि निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “पंत, भिंगरीची पत्रिका माझ्या देवघरात हाय अजून. मशीन गेली, पण महाराजांच्या हातचं अक्षर हाय ते. टाकवलं नाय.” मग म्हणाला, “महाराज मनाला लावून घेऊन गेले का वो? म्या चार वेळा येऊन सांगितलं त्यांना, तुमचं काय बी चुकलं नाय म्हून. ऐकेनात.”

चार वेळा! तो लासूरहून येऊन चार वेळा सांगून गेला होता, मी शेडमध्ये नसताना. आणि मी एकाच घरात राहून एकदाही नाही.

मी त्याला म्हणालो, “चहा घ्या ना, आलं घालून करतो.”

धंदा अजून चालू आहे. कुणी लाल दिवा घेऊन आलं की मी टेप तीन पदरी गुंडाळतो, वर क्लिप मारतो, आणि माणसाला दहादा बजावतो की दिवा लागला की मशीन बंद. लोक म्हणतात, वायरमन फार काटेकोर आहे. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. ती लोंबती टेप बरेच दिवस माझ्या खिशात होती. मग एकदा पँट धुवायला गेली आणि तीही गेली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी ते बाबांसाठी केलं. म्हातारा बोलता व्हावा, हसावा, म्हणून. ऐकायला बरं वाटतं. पण हे सांगता सांगता मला शेड दिसतेय आणि शेडच्या कडेची ती खुर्ची दिसतेय. हाक मारायचीही गरज नव्हती, इतकी जवळ. माझ्या कामाच्या स्टुलाला नुसता धक्का दिला असता तर ते तिच्याशेजारी गेलं असतं. तिथं बसायचं आणि विचारायचं, “बाबा, जेवलात का?” एवढंच होतं. ते मला जमलं नाही, म्हणून मी दुसऱ्याच्या मशीनची वायर उघडी केली.